पंडिता रमाबाईंच्या मागे नेमकं काय उरलं? (ख्रिस्ती माणसाचा आध्यात्मिक वारसा)

मुळाकाठ | ५ एप्रिल, सकाळी ९:४०

आज रमाबाईंचा स्मृतिदिन. ५ एप्रिल १९२२ ला त्या केडगावला वारल्या. (आमच्या नगरजवळचं केडगाव वेगळं. हे दौंडच्या अलीकडचं, पुण्याहून रेल्वेने जाताना लागतं ते. नारायण महाराजांचं बेटही तिथलंच.)

दरवर्षी या दिवशी मंडळ्यांमधून (म्हणजे आमच्या चर्चमधून) तीच भाषणं होतात: त्या थोर होत्या, संस्कृत पंडिता होत्या, अनाथांची माउली होत्या. खोटं काहीच नाही. पण भाषण संपल्यावर माझ्या मनात एक प्रश्न राहतो. ख्रिस्ती माणूस मेल्यावर त्याच्या मागे 'आध्यात्मिक वारसा' राहतो असं आपण दफनविधीपासून स्मरण-उपासनेपर्यंत सगळीकडे म्हणतो. तो वारसा दिसतो कुठे? कोणाकडे जातो? आणि मरणाऱ्याने ठरवल्याप्रमाणे जातो का?

रमाबाईंचं उदाहरण मुद्दाम घेतेय, कारण त्यांनी हे सगळं ठरवलं होतं आणि त्यातलं बरंचसं ठरवल्यासारखं झालं नाही.

पहिली गोष्ट त्यांच्या मुलीची, मनोरमाबाईंची. रमाबाईंचा नवरा वारला तेव्हा ही मुलगी तान्ही होती. रमाबाईंनी तिला विलायतेत, अमेरिकेत, इथे, सगळीकडे शिकवलं. शारदा सदनाची (विधवांसाठी काढलेल्या शाळेची) धुरा तिच्याकडे दिली. अंधांसाठीचं काम तिने पुढे नेलं, गुलबर्ग्यालाही मुलींची शाळा काढली. आईच्या मागे मुक्ती मिशन (केडगावचा अनाथ-विधवांचा आश्रम) कोण पाहणार, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या, चाळिशीतच. आई त्यानंतर नऊ महिनेही जगली नाही. म्हणजे रक्ताचा वारस आधीच गेलेला.

दुसरी गोष्ट बायबलची. आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्यात घालवली. एकटीने. शेतातून, दळणातून आलेल्या बाईला वाचता यावं अशी साधी भाषा हवी, हा त्यांचा हट्ट. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवणाऱ्या बायकाही तिथल्याच. मुद्रितं तपासून संपेपर्यंत आयुष्य दे, अशी त्यांची प्रार्थना होती, असं सांगतात. काम संपलं आणि त्या गेल्या. सबंध ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. आज रविवारी महाराष्ट्रातल्या किती मंडळ्यांत तो व्यासपीठावर असतो? जवळजवळ कुठेच नाही. सगळीकडे बायबल सोसायटीचं भाषांतर. ज्याला त्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला ते काम कपाटात गेलं.

मग उरलं काय? तुम्ही सांगा. धागा श्रद्धेवर आहे, धर्मांतराच्या वादावर नाही. तो वाद इथे चारशे वेळा झालाय, पुन्हा नको.

---

शंकासुर | ५ एप्रिल, १०:१५

वाद नको म्हटलं की तो येतोच, सवयीने. :)

माझा प्रश्न साधा आहे. मुक्ती मिशन चालू आहे, मुली शिकताहेत, हा सामाजिक वारसा. त्यात 'आध्यात्मिक' काय? तेच काम कर्व्यांनी हिंगण्याला केलं, त्यांना ख्रिस्ताची गरज पडली नाही.

---

हिंगणे_बुद्रुक | ५ एप्रिल, १०:५२

शंकासुर, उदाहरण चुकीच्या ठिकाणी काढलंत, कारण ते उलटं तुमच्यावरच येतंय.

अण्णासाहेब कर्वे यांच्या दुसऱ्या पत्नी, बाया कर्वे, माहेरच्या गोदूबाई. बालविधवा. ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ती हीच. १८९३ मध्ये कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. १८९६ ला अनाथ बालिकाश्रम, मग तो हिंगण्याला, पुढे १९१६ ला महिला विद्यापीठ. बाया स्वतः आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडायच्या.

गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण विधवा बाई शिकते, स्वतःच्या पायावर उभी राहते, हे त्यांनी पाहिलं ते रमाबाईंच्या घरात. आमच्या आजीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या शिक्षणाचा धागा असा शारदा सदनाला जाऊन मिळतो. आमच्या घरात हे नाव कोणी घेत नाही, हा भाग वेगळा.

---

शंकासुर | ५ एप्रिल, ११:०५

माहीत नव्हतं. पण माझा प्रश्न तसाच आहे. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत म्हणजे हा वारसा आध्यात्मिक नव्हता, सामाजिकच होता. क्यू.ई.डी. (सिद्ध झालं).

---

मुळाकाठ | ५ एप्रिल, ११:३०

हिंगणे, हे मूळ धाग्यातच घालायला हवं होतं. अनेक आभार.

शंकासुर, 'आध्यात्मिक' म्हणजे कोणाला किती बाप्तिस्मे दिले याचा हिशेब, असं तुम्ही धरून चालला आहात. तो हिशेब मिशनचे अहवाल ठेवायचे. मी विचारतेय ते वेगळं आहे. रमाबाईंनी ते सगळं ज्या कारणाने केलं, ते कारण पुढच्या माणसाच्या अंगी उतरलं का? १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून शारदा सदनावर गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तीन-चार वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही बाई स्वतः तिकडे गेली आणि उपाशी मुली गोळा करून आणल्या. आईबाप आणि भाऊ गमावलेली, भूक स्वतः भोगलेली बाई. १९०० च्या सुमाराला केडगावात दीड-दोन हजार माणसांचं जेवण रोज शिजत होतं. पैशाचा पक्का बंदोबस्त नसताना. हे धाडस कुठून आलं असं त्यांना विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं, आणि ते सामाजिक नसतं.

---

रानजाई | ५ एप्रिल, दुपारी २:१०

माझी पणजी मुक्तीत वाढलेली. गुजरातच्या दुष्काळातली. गाव कोणतं, आईबाप कोण, तिला आठवत नव्हतं. जन्मतारीखही मिशननेच दिलेली.

मी तिला पाहिलं नाही, पण आजीने तिची सवय उचलली आणि ती मी पाहिली. भाकरीचं पीठ मळायच्या आधी आजी ज्वारीच्या पिठातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. डालड्याचा जुना पिवळा डबा, झाकणाला दोरी. घरात पीठ कमी असलं तरी आधी ती मूठ. महिनाअखेर डबा उचलून वस्तीतल्या एखाद्या घरी. कोणाच्या, ते सांगायची नाही. आम्ही मागे लागलो की म्हणायची, "मला कोणी विचारलं होतं का?"

तेवढंच. याच्यावर ती कधी प्रवचन देत नसे. बायबल वाचायची ते अडखळत, बोट ठेवून.

शंकासुर, आता सांगा, हा डबा सामाजिक की आध्यात्मिक?

---

अभ्यासू_उंट | ५ एप्रिल, २:२५

वाचनखूण साठवली. रानजाई, _/\_

---

शंकासुर | ५ एप्रिल, २:४०

डब्यापुढे वाद घालत नाही.

---

तिसवाडी | ५ एप्रिल, ४:३०

गोव्याकडून चार ओळी. मुळाकाठ यांचा 'ठरवल्यासारखं जातं का' हा प्रश्न मला जास्त आवडला.

फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, जेजुइट संघाचे धर्मगुरू, गोव्यात चाळीस वर्षं. मराठी ओवीतलं त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ ला छापलं गेलं, १६१९ ला ते वारले. नंतर १६४९ आणि १६५४ ला पुन्हा छापलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. १६८४ ला पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. म्हणजे लेखक गेला, छापील प्रती गेल्या, वर सरकारही भाषेच्या मुळावर उठलं.

तरी पुराण टिकलं. लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या, उपवासकाळात म्हणत राहिले. १९०७ ला मंगळूरला पुन्हा छापलं गेलं ते अशा हस्तलिखितांवरूनच. या नकला करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावंही कोणाला ठाऊक नाहीत. रात्री दिव्याशी बसून हजारो ओव्या उतरवणारा तो कोण देवळातला मास्तर असेल, स्टीफन्सइतकाच तोही या वारशाचा धनी आहे असं मला वाटतं. आपण मात्र नाव एकाचंच घेतो.

---

कुपारी_पोऱ्या | ५ एप्रिल, संध्या. ७:२०

वसईकर कॅथलिक म्हणून एक मुद्दा. तुम्ही प्रॉटेस्टंट मंडळी 'मागे काय उरलं' असं विचारता तेव्हा गृहीत धरता की माणूस गेला, आता फक्त त्याचं काम उरलं. आमच्याकडे माणूस असा जात नाही. २ नोव्हेंबरला आमच्या दफनभूमीत या. सगळा गाव जमतो, कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, फादर येऊन कबरींवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. घरच्यांच्या नावाने मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतो, वर्षानुवर्षं. आम्ही त्यांच्यासाठी मागतो, ते आमच्यासाठी. देणंघेणं चालू आहे, वारसापत्र कसलं करता?

आमचे लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये वारले. पुस्तकं, सुवार्ता मासिक, मराठीतलं बायबल, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, हे पेपरात आलंच. पण आमच्या पट्ट्यातल्या वयस्कर बायकांना विचारा. त्या सांगतील हरित वसईच्या मोर्चांविषयी. पाणी आणि जमीन वाचवायला झगा घातलेला माणूस रस्त्यावर उतरला, टँकरवाल्यांपुढे आणि गुंडगिरीपुढे उभा राहिला. त्या दिवसांत मोर्चात गेलेल्या बाया आज सत्तरीच्या आहेत आणि ग्रामसभेत अजून पहिल्या रांगेत बसतात.

---

मुळाकाठ | ५ एप्रिल, ८:०५

कुपारी, मेलेल्यांसाठी प्रार्थना (आमच्याकडे ती मानत नाहीत) हा विषय काढलात तर आमचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) इथे खातं उघडतील. :)) पण तुमच्या म्हणण्यात मला एक गोष्ट पटते. आमच्याकडे दफनानंतर माणूस फार लवकर फोटोत जातो.

---

कुपारी_पोऱ्या | ५ एप्रिल, ८:१२

पाळकांना म्हणावं, विश्वासांगीकारात 'संतांची सहभागिता' (जिवंत आणि गेलेले सगळे एकत्र) तुम्हीही म्हणता की दर रविवारी.

---

मिरजमळा | ५ एप्रिल, ९:४५

मिरज राहिलं. डॉ. विल्यम वानलेस. जन्म कॅनडातला. १८९४ ला मिरजेत मिशन इस्पितळ, १८९७ ला वैद्यकीय शाळा. १९२८ ला परत गेले, १९३३ ला वारले. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची, तिथे क्षयरोग्यांचं इस्पितळ होतं.

आज मिरजेत पावलापावलावर डॉक्टरची पाटी दिसते. बेळगाव-विजापूरकडून पेशंट येतात. १९६२ ला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही इथेच आलं. हे सगळं त्या एका इस्पितळापासून सुरू झालं. आता त्या पाट्यांच्या मागच्या सगळ्या डॉक्टरांना वानलेसांचे आध्यात्मिक वारस म्हणायचं का? मी नाही म्हणणार. बिल पाहिलंत तर तुम्हीही नाही म्हणणार. धंद्याला वारसा म्हणू नये. रात्री दोन वाजता पैसे न विचारता दार उघडणारा एखादा सर्जन अजून असतो गावात. त्याला म्हणेन. तो मुसलमान आहे की जैन, याने मला फरक पडत नाही.

---

वात आणि समई | ६ एप्रिल, सकाळी ८:३०

टिळकांचं नाव अजून कसं नाही? कवी ना. वा. टिळक, १८६१ ते १९१९.

मुळाकाठ, तुमच्या प्रश्नाला यांच्यासारखं उदाहरण नाही. १९१७ ला त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. ख्रिस्त हवा पण विलायती वेष्टनात नको, अशी ती मांडणी. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. संस्था म्हणून शून्य.

ख्रिस्तायन महाकाव्य अर्धवट राहिलं. ते कोणी पुरं केलं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा ज्यांनी आकांत केला, ज्या पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, १९०० ला कुठे बाप्तिस्मा घेतला, ज्यांचं शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतंच, त्या बाईंनी. त्यांनी उरलेले अध्याय स्वतःच्या ओवीत रचले. १९३६ ला त्या गेल्या. नवऱ्याचं काम हाती घेतलं खरं, पण नवऱ्याची नक्कल केली नाही.

आणि बालकवी. हे पोरगं नगरला टिळकांच्या घरी राहिलं, लक्ष्मीबाईंनी मुलासारखं सांभाळलं. ख्रिस्ती झालं नाही. 'फुलराणी' शाळेत सगळ्यांनी म्हटली, तिच्यामागे नगरच्या त्या घरातलं जेवण आहे, हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं.

सगळ्यात जिवंत मात्र गीतं. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात एकट्या टिळकांची दोनशेच्या वर आहेत. गावाकडच्या मंडळीत पेटी, तबला, टाळ घेऊन जे गातात त्यातल्या बऱ्याच जणांना कवीचं नाव विचारा. सांगता येणार नाही. "आमच्या आजोबांचं गाणं आहे," म्हणतील.

---

मुळाकाठ | ६ एप्रिल, ९:१५

समईताई, हेच. दरबार गेला, गाणं राहिलं. रमाबाईंचं बायबल कपाटात, रानजाईंच्या आजीचा डबा चालू. ज्याने ज्याला 'माझं काम' म्हटलं ते त्याच्यामागे टिकेलच असं दिसत नाही. त्याच्या हाताखाली राहून गेलेल्या माणसांनी जे उचललं ते टिकलं. आणि काय उचलायचं हे त्या माणसांनी ठरवलं, गेलेल्याने नाही. माझं या धाग्यातलं म्हणणं एवढंच आहे. कोणाला पटत नसेल तर बोला.

---

खिळे_जुळारी | ६ एप्रिल, ११:४०

मला अर्धं पटतं. रमाबाईंच्या बायबलला 'कपाटात गेलं' म्हणणं घाईचं आहे.

माझा जन्म छापखान्यात गेला, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. सबंध बायबलचे खिळे जुळवणं म्हणजे काय असतं याची आज कोणाला कल्पना नाही. एकेक अक्षर केसमधून उचलायचं, उलटं वाचायचं, ओळ भरली की दाबून बसवायची. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, मराठी केसला खाने किती! प्रूफ आलं की चुकीचा खिळा चिमट्याने काढून दुसरा घालायचा. बाई हे काम दिवसाला आठ तास करते तेव्हा तो मजकूर तिच्या बोटांतून जातो. नुसतं वाचणारा जितका लक्ष देतो त्याच्या दहापट तिला द्यावं लागतं.

दुष्काळातून आणलेल्या, जिला कोणी अक्षर शिकवणार नव्हतं अशा मुलीच्या हातून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं गेलं. ग्रंथ मंडळीत वाचला गेला नाही असं म्हणता. छापतानाच तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत पोचला होता, असं मी म्हणेन.

---

रानजाई | ६ एप्रिल, १२:०५

खिळेदादा, पणजी छापखान्यात नव्हती, शेतात होती. पण हे वाचून बरं वाटलं.

---

अभ्यासू_उंट | ६ एप्रिल, दुपारी १:३०

केडगावचा एक धागा फार लांब गेलाय, तो कोणी सांगितला नाही म्हणून सांगतो.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं आध्यात्मिक जागरण झालं. शेकडो मुली दिवसरात्र प्रार्थनेत. तिथे मिनी एब्रम्स नावाची अमेरिकन मिशनरी रमाबाईंबरोबर काम करत होती. तिने त्या अनुभवावर एक छोटं पुस्तक लिहिलं, १९०६ ला. त्याची एक प्रत तिने शिकागोतल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ती मैत्रीण होती दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वालपराइसोला, मिस्टर हूवर या मेथडिस्ट पाळकाची बायको. नवराबायकोंनी ते वाचलं आणि आपल्या मंडळीत प्रार्थना सुरू केल्या. १९०९ ला तिथे तसंच जागरण झालं, वरिष्ठांशी खटका उडाला, हूवर बाहेर पडले, आणि चिलीची पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी) मंडळी उभी राहिली. आज त्या देशातल्या प्रॉटेस्टंटांमध्ये बहुसंख्य त्याच प्रवाहातले.

म्हणजे दौंड तालुक्यातल्या दुष्काळी मुलींच्या प्रार्थनेचे वारस स्पॅनिश बोलतात. त्यातल्या बहुतेकांना केडगाव नकाशात दाखवता येणार नाही. एब्रम्स बाई १९१२ लाच वारल्या, त्यांनी यातलं फारसं पाहिलं नाही.

---

शंकासुर | ६ एप्रिल, १:४५

उंट, हे भारी आहे. मी अजून नास्तिकच आहे, पण हे भारी आहे.

---

दूरदेशी | ७ एप्रिल, पहाटे ५:५०

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

आम्ही मूळचे सोलापूरचे, आता टोरंटोजवळ. आई जानेवारीत प्रभूमध्ये झोपी गेली. दफनाला पोचता आलं नाही, व्हिडिओवर पाहिलं. भाऊ विचारतोय दगडावर काय लिहायचं. दोन महिने झाले, मला एक ओळ सुचत नाही.

तुम्ही सगळे रमाबाई, टिळक, वानलेस यांच्याविषयी बोलताय. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर शिवणकाम. मंडळीत महिला संघात चहाचं बघायची. तिने काही उभारलं नाही. माझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही. तिच्या गीतांच्या पुस्तकात समासात तिने कायकाय लिहिलंय, ते उद्या वाचणार कोण? तिच्यामागे काय उरलं, हे मी कुठे शोधू?

---

समजूतदार_घुबड | ७ एप्रिल, ७:१५

भावपूर्ण श्रद्धांजली, ताई. दगडावर "प्रभूमध्ये विसावली" आणि खाली तारखा. पुरे.

---

वात आणि समई | ७ एप्रिल, ८:००

दूरदेशी, तुमच्या आईचं उदाहरण बायबलमध्येच आहे. प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. यापो गावची टबीथा, ग्रीकमध्ये दुर्कस. ती वारते, पेत्राला बोलावतात. तो माडीवर जातो तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि दुर्कसने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवतात. कोणी तिचं भाषण सांगत नाही, तिचा विश्वास किती मोठा होता हेही सांगत नाही. "हे बघा, हे तिनं शिवलं होतं." शिवण दाखवतात.

म्हणून सोलापूरला भावाला सांगा, दगडाचं नंतर बघू. आधी ज्यांचे कपडे आईने शिवले त्यांना गाठ.

---

रानजाई | ७ एप्रिल, ८:४०

आणि चहाला कमी लेखू नका हो. आमच्या मंडळीत चहा बघणारी मावशी होती, तिला ठाऊक असायचं की कोणाच्या घरी या आठवड्यात चूल पेटली नाही. पाळकांना नंतर कळायचं.

कापणीच्या सणाला लिलाव व्हायचा त्यात ती एकच भोपळा विकत घेऊन पुन्हा दान द्यायची, पुन्हा लिलाव, पुन्हा कोणीतरी घेऊन परत द्यायचं. भोपळा तोच, मंडळीच्या खात्यात पैसे चार वेळा. ती गेल्यावर दोन वर्षं भोपळा एकदाच विकला गेला. तिसऱ्या वर्षी एका तरुण पोराने पहिल्यांदा तो परत दिला आणि सगळे हसले, कारण सगळ्यांना कळलं तो कोणाची नक्कल करतोय.

---

कुपारी_पोऱ्या | ७ एप्रिल, १०:२०

ताई, जवळच्या कॅथलिक चर्चमध्ये आईच्या नावाने मिस्सा सांगू का? नाही म्हणालात तरी मी इथे वसईत सांगणारच आहे.

---

दूरदेशी | ७ एप्रिल, संध्या. ६:४०

सांगा. आई कॅथलिक नव्हती, पण तुम्हाला नाही म्हणाली नसती, तिला सगळीकडे चहा प्यायची सवय होती.

भावाशी बोलले. तो म्हणाला, जानेवारीपासून एक बाई दर पंधरा दिवसांनी येते आणि आईचं शिवणयंत्र पुसून तेल घालून जाते. त्याला वाटलं आईने काही उसने पैसे दिले असतील. विचारलं तर म्हणाली, "मॅडमनी मला यावरच शिकवलं, गंजायला नको." मला हे आज कळलं.

---

हिंगणे_बुद्रुक | ७ एप्रिल, ७:००

यंत्र तिलाच द्या.

---

मुळाकाठ | ७ एप्रिल, ९:१०

हिंगणेंना अनुमोदन. दूरदेशी, माझ्याकडून व्यवहाराच्या चार गोष्टी, आम्ही नगरला बऱ्याच स्मरण-उपासना घालतो त्या अनुभवावरून.

गीतांचं पुस्तक टपालाने मागवू नका, येणाऱ्या माणसाबरोबर मागवा. तोपर्यंत भावाला प्रत्येक पानाचा फोटो काढायला सांगा, समासासकट. समासातलं तुम्ही मोठ्याने वाचून आवाज रेकॉर्ड करा, आणि त्याच वेळी मुलांना इंग्रजीत सांगा की आजीने हे कोणत्या प्रसंगी लिहिलं असेल. त्यांना मराठी लिपी येत नाही म्हणून गीत येणार नाही असं नाही. टिळकांच्या चाली सोप्या आहेत, ऐकून दोन रविवारांत बसतात.

सोलापूरला उपासना घालाल तेव्हा पाळकांना आधीच सांगा की नातेवाइकांची भाषणं तीनच. उरलेला वेळ आईच्या विद्यार्थ्यांना आणि शिवण शिकलेल्या बायकांना. कोणी लाजून उठणार नाही, त्यासाठी भावाने दोघी-तिघींना आधी भेटून ठेवावं. त्या यंत्रवाल्या बाईंना पहिलं बोलवा. रडल्या तर रडू द्या, माइक काढून घेऊ नका.

दगडाचं म्हणाल तर घुबड म्हणतात ते बरोबर आहे, पण नाव आणि तारखांच्या मध्ये 'शिक्षिका' एवढा शब्द घाला. आणि पाथरवटाला मजकूर फोनवर सांगू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. आमच्या दफनभूमीत एका आजोबांचं पुनरुत्थान ऱ्हस्व-दीर्घासकट चुकलंय आणि आता ते दुरुस्त करायला कोणी तयार नाही.